मामंजींच्या दाढीसाठी विजेवरचे यंत्र

वाचक भगिनीचे पत्र : आम्ही कराडजवळ राहतो. माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता ते काठी घेऊन चालतात, पण उजवा हात अजून कामाचा नाही, उजव्या गालाला स्पर्श कमी कळतो आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या रोज चालू आहेत. आजवर दर बुधवारी आणि रविवारी एक काका घरी येऊन त्यांची दाढी करत असत. त्या काकांचेही वय झाले आणि त्यांनी काम थांबवले. मामंजींनी डाव्या हाताने स्वतः वस्तरा धरून पाहिला, तर ओठाजवळ कापले आणि रक्त थांबायला अर्धा तास लागला. तेव्हापासून ते दाढी करायलाच नको म्हणतात आणि कुणी भेटायला आले की आत निघून जातात. माझे पती पुण्याला नोकरीला असतात, शनिवार-रविवारी येतात. चार-पाच हजारांत कोणता विजेचा शेव्हर घ्यावा? सासूबाई म्हणतात, यंत्राने केस अधिक राठ होतात. तसे होते का? आणि दाढी मी करावी का, याचाही मनात संकोच आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले ‘आत निघून जातात’ हे शब्द वाचून मी बराच वेळ थांबलो. माझ्या वडिलांच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांची दाढी मी करत असे आणि दाढी वाढलेली असली की तेही पाहुण्यांसमोर येत नसत. त्यामुळे आपला प्रश्न वस्तू खरेदीचा आहे असे मी मानत नाही आणि उत्तर थोडे लांबले तर समजून घ्यावे.

आधी निर्णयाचे सांगतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या आणि हातावर पूर्ण ताबा नसलेल्या माणसाने पात्याचा वस्तरा किंवा रेझर वापरू नये, विजेचा शेव्हर वापरावा. डॉक्टरही अशा रुग्णांना साधारणपणे हाच सल्ला देतात. या गोळ्यांनी रक्त खरोखर पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो. म्हणून एरवी दोन मिनिटांत थांबणारी जखम अर्धा तास वाहत राहते. पुढे कधी कापलेच, तर स्वच्छ कापड दहा मिनिटे सलग दाबून धरा आणि मधे उचलून पाहू नका. एवढ्याने थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवा. मात्र रक्त आले म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कारण ती गोळी दुसरा झटका टाळण्यासाठी आहे.

आता यंत्राकडे वळू. पाणी आणि साबणाशिवाय दाढी करता यावी या ध्यासातून जेकब शिक या अमेरिकी सैन्यातल्या अधिकाऱ्याने विजेचा वस्तरा तयार केला आणि तो 1931 मध्ये विक्रीला आला. पुढे 1939 मध्ये फिलिप्स कंपनीसाठी अलेक्झांडर होरोविट्झ यांनी गोल फिरत्या पात्यांचा शेव्हर बनवला, तर ब्राउन कंपनीचा पातळ जाळीचा शेव्हर 1950 मध्ये आला. आज दुकानात जे शेव्हर दिसतात ते बहुतेक या दोन घराण्यांतलेच असतात. जाळीच्या यंत्रात धातूचा अतिशय पातळ, बारीक भोकांचा पत्रा गालावर टेकतो, केस त्या भोकांतून आत शिरतो आणि आतले पाते वेगाने पुढे-मागे सरकत तो कापते. गोल यंत्रात दोन किंवा तीन चकत्या असतात, त्यांच्या खाचांतून केस आत जातो आणि खाली पाते गोल फिरत असते. दोन्हींत पाते थेट कातडीला लागत नाही. आपल्याला जी सुरक्षितता हवी आहे ती एवढ्याच गोष्टीत आहे.

मामंजींसाठी मी जाळीचा शेव्हर सुचवीन. जाळी सरळ रेषेत, वरखाली फिरवायची असते, आणि सवय नसलेल्या डाव्या हाताला सरळ ओढ घेणे हे छोटी छोटी वर्तुळे काढण्यापेक्षा सोपे जाते. वयाने आणि झटक्याने सैल पडलेल्या गालाची कातडी गोल चकत्यांत चिमटल्यासारखी होते, असाही माझा अनुभव आहे. मात्र जाळीची एक अट आहे, ती नीट लक्षात घ्या. दाढीचा केस दिवसाला साधारण 0.4 मिलिमीटर वाढतो, म्हणजे बुधवार ते रविवार या चार दिवसांत तो दीड मिलिमीटरच्या आसपास होतो आणि तेवढा झाला की तो आडवा पडू लागतो. आडवा पडलेला केस जाळीच्या भोकात शिरत नाही. यंत्र नुसते त्यावरून फिरत राहते आणि गाल लाल होतो. म्हणून आठवड्यातून दोनदा दाढी करण्याची जुनी पद्धत आता सोडावी लागेल. रोज, निदान एक दिवसाआड, पाच-सात मिनिटांची दाढी हाच या यंत्राचा रिवाज आहे. काही कारणाने चार-पाच दिवस राहून गेले, तर आधी ट्रिमरने खुंट आखूड करून घ्यावेत आणि मग जाळी फिरवावी. रोज करणे अजिबात शक्य नसेल, तर मात्र गोल चकत्यांचे यंत्र घ्या. वाढलेले आणि वेडेवाकडे केस ते जाळीपेक्षा बरे उचलते.

खरेदी ऑनलाइन करण्याआधी एकदा मामंजींना दुकानात घेऊन जा, किंवा ते शक्य नसेल तर परत करता येईल अशा अटीवर यंत्र घरी आणा. जाहिरातीत किती पाती आणि मिनिटाला किती फेरे ते ठळक छापलेले असते, पण आपल्याला पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. यंत्र डाव्या हातात नीट बसते का, मुठीला रबराची पकड आहे का, वजनाने मनगट खाली झुकते का आणि बटण त्याच हाताच्या अंगठ्याने दाबता येते का, हे त्यांच्याच हातात देऊन पाहा. बऱ्याच यंत्रांत बटण दोन-तीन सेकंद दाबून धरले की प्रवासात आपोआप चालू होऊ नये म्हणून ठेवलेले कुलूप लागते. ज्याचा अंगठा बटणावरून लवकर उचलला जात नाही त्याच्याकडून ते वारंवार लागते आणि यंत्र बिघडले असे वाटते. पुन्हा तेवढाच वेळ दाबून धरले की बहुधा ते उघडते. आपल्या यंत्राची रीत माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा.

बॅटरी लिथियमची असावी. स्वस्त यंत्रांत जुन्या धाटणीची बॅटरी असते, जी चार्ज व्हायला आठ-आठ तास घेते. लिथियमची बहुतेक यंत्रे तास-दीड तासात भरतात आणि त्यावर आठवडाभराच्या दाढ्या सहज होतात. वीज जाण्याचा आपल्याकडचा अनुभव पाहता, पाच मिनिटांच्या चार्जिंगवर एक दाढी होईल अशी सोय असली तर ती घ्यावी. पाण्याखाली धुता येणारे यंत्र घ्या, कारण ते स्वच्छ ठेवणे फार सोपे जाते. अशी बरीच यंत्रे वायर लावलेली असताना चालूच होत नाहीत, तो बिघाड नसून सुरक्षेसाठी मुद्दाम केलेली रचना असते.

पैसे देण्याआधी दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारा : याची जाळी आणि आतले पाते सुटे मिळते का, आणि कितीला? जाळी कायम टिकत नाही, वर्ष-दीड वर्षाने ती बदलावीच लागते, आणि काही यंत्रांत तिची किंमत मूळ यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही पुढे जाते. चार-पाच हजारांत फिलिप्स, ब्राउन, पॅनासोनिक या तिन्ही कंपन्यांची कामाची यंत्रे शोधता येतील. पण ज्या मॉडेलची जाळी कराडला किंवा निदान साताऱ्याला मिळत नाही आणि अधिकृत विक्रेत्याकडून मागवताही येत नाही, ते कितीही चांगले असले तरी घेऊ नका. फारच स्वस्तात मिळणाऱ्या नकली जाळ्यांपासून तर दूरच राहा.

जाळीविषयी मी इतके आग्रहाने लिहितो, कारण त्यात माझी स्वतःची चूक झाली आहे. वडिलांच्या यंत्राची जाळी झिजली होती आणि मला ते कळले नाही. दाढी पूर्वीसारखी गुळगुळीत होत नाही म्हणून मी यंत्र थोडे दाबून फिरवू लागलो, आणि एका सकाळी त्यांच्या गालावर किसणी फिरवल्यासारखे बारीक रक्ताचे ठिपके उमटले. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. नंतर मी जाळी काढून खिडकीच्या उजेडात धरली, तर एका कडेला दोन भोके फाटून एक झाली होती आणि तेवढाच भाग लख्ख दिसत होता. तेव्हापासून मी दर रविवारी जाळी उजेडासमोर धरून पाहत असे. आपणही हे कराच; मामंजींच्या बाबतीत ते अधिक गरजेचे आहे, कारण उजव्या गालाला काही टोचले तरी त्यांना कळणार नाही आणि ते सांगणार नाहीत.

त्याच कारणाने दाढीची सुरुवात नेहमी डाव्या, म्हणजे ज्याला नीट स्पर्श कळतो त्या गालापासून करा. तिथे टोचते किंवा ओढते आहे असे ते म्हणाले, तर उजवीकडे यंत्र लावूच नका, आधी जाळी तपासा. बराच वेळ चालल्यावर यंत्राचे डोके गरम होते, म्हणून उजव्या गालावर लावण्यापूर्वी ते स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. अर्धांगवायूनंतर त्या बाजूच्या ओठाच्या कोपऱ्यातून पुष्कळदा लाळ ओघळते. ती आधी मऊ कापडाने टिपून घ्या, कारण ओल्या कातडीवर कोरडी जाळी अडखळते. त्या बाजूचा गाल सैल असल्याने तो दोन बोटांनी कानाकडे हलकेच ताणून धरावा लागेल. एका हाताने यंत्र आणि दुसऱ्या हाताने गाल, हे त्यांना एकट्याने जमणार नाही. आपली मदत खरी लागेल ती इथे आणि हनुवटीखाली.

बाकी सारे त्यांना स्वतःला करू द्या. त्यांना टेबलाशी खुर्चीवर बसवा, डावे कोपर टेबलावर टेकू द्या म्हणजे हात थरथरत नाही, आणि आरसा भिंतीवर न ठेवता त्यांच्या बसलेल्या नजरेच्या उंचीवर ठेवा. उजेड बाजूच्या खिडकीतून यावा. पांढरे खुंट डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात; म्हणून यंत्र फिरवून झाले की त्यांनी डाव्या हाताची बोटे गालावरून उलट दिशेने फिरवावीत आणि जिथे खरखर लागेल तिथेच पुन्हा यंत्र न्यावे. संपूर्ण गालावर पुन्हा पुन्हा फिरवण्याची गरज नसते.

कोरडी दाढी अंघोळीआधी करावी. अंघोळीनंतर केस मऊ होऊन वाकतात आणि कातडी दमट राहते. घामाच्या दिवसांत चेहरा पुसून अगदी थोडी टाल्कम पावडर लावली की जाळी सुरळीत सरकते. यंत्र दाबू नये, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. दाबले की कातडी भोकांतून अधिक आत शिरते, केस काही अधिक कापला जात नाही. गळ्यावर केस निरनिराळ्या दिशांना आडवे उगवतात, तिथे मान किंचित वर करून, कातडी ताणून, केसांच्या उलट दिशेने हळू जावे. चामखीळ किंवा उंच तीळ असेल तर त्याला वळसा घाला, आणि केसतोडा झालेला असेल तर तो बरा होईपर्यंत तेवढी जागा सोडून द्या.

हे वाचून काकांची आठवण होणे साहजिक आहे, आणि माझी तशीच एक सूचना आहे. त्यांनी काम थांबवले असले तरी त्यांना एका रविवारी चहाला बोलवा. या चेहऱ्यावर त्यांचा हात इतकी वर्षे फिरला आहे. घाटीपाशी केस कुठे वळतात, कुठल्या बाजूला भोवरा आहे, उलटा हात कुठे चालतो आणि कुठे कातडी सोलवटते, हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळणार नाही. त्यांनी शेजारी बसून आपल्या पतींना दाखवावे, आणि पहिली दाढी पतींनी करावी. मामंजींनाही ओळखीच्या माणसाच्या देखत नव्या यंत्राची भीती वाटणार नाही.

आपल्या संकोचाविषयी. तो आपल्याला आहे तसा मामंजींनाही असणार, आणि त्यात गैर काही नाही. सुनेने सासऱ्याची दाढी करावी की नाही हे मी किंवा शेजाऱ्यांनी ठरवायचे नाही. ते मामंजींना विचारावे, आणि घाईत नव्हे, निवांत वेळी, सासूबाई समोर असताना विचारावे. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला, तरी ते येईपर्यंत थांबा. ते नको म्हणाले तर ते माना. मग आठवड्यात ते स्वतः जमेल तेवढी करतील आणि उरलेला उजवा गाल आणि गळा शनिवारी पती, आधी ट्रिमरने खुंट आखूड करून, करतील. हो म्हणाले, तर सुरुवातीला फक्त उजवा गाल आणि हनुवटीखालचा भाग तेवढा करा, त्यांच्या मागे उभे न राहता समोर बसून करा, आणि यंत्र कुठे लावणार ते लावण्याआधी सांगा. सासूबाईंना गाल ताणून धरायला बसवता आले तर फारच चांगले. पाहुणे घरात असताना मात्र ही कामे करू नका.

सासूबाईंची शंका अनेक घरांत असते, पण यंत्राने केस राठ किंवा दाट होत नाहीत. केस उगवतो तो कातडीखालच्या मुळातून, आणि वर कापल्याने त्या मुळात काही बदल होत नाही. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. कापल्यावर ते बोथट होते, म्हणून वाढताना तो हाताला टोचतो, इतकेच. वस्तऱ्यानेही हेच होत होते.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत मात्र निराशा वाट्याला येईल, त्याची तयारी ठेवा. वस्तऱ्याइतकी तुळतुळीत दाढी होणार नाही, गळ्याला थोडी आग होईल, आणि घरात कुणीतरी पैसे वाया गेले असे म्हणेल. कातडीला नवी सवय लागायला तेवढा काळ लागतोच, आणि या काळात मधूनच वस्तरा वापरला तर सवय लागायची ती लांबते. आग झाल्यास अल्कोहोलचे झोंबणारे आफ्टरशेव्ह लावू नका. साधे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेलाचा हलका हात पुरतो. घरात तुरटी वापरत असाल, तर तिचा खडा ज्याचा त्याने वेगळा ठेवावा.

निगा फार नाही, पण ती नेमाने ठेवावी लागते. दाढी झाली की यंत्र बंद करून डोके उघडा आणि केसांची भुकटी झटकून टाका, मात्र जाळी बेसिनच्या कडेवर आपटू नका आणि तिच्यावर ब्रशही घासू नका, ती फार नाजूक असते. धुता येणारे यंत्र असेल तर आठवड्यातून दोनदा कोमट पाणी आणि हात धुण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब घेऊन, यंत्र काही सेकंद चालू ठेवून धुवा, आणि डोके उघडे ठेवून पूर्ण वाळू द्या. आपल्याकडे बोअरचे पाणी असेल तर त्यातल्या क्षारांनी भोकांत पांढरे कीट बसते, म्हणून शेवटचे पाणी क्षार काढणाऱ्या (आरओ) गाळणयंत्रातले घ्या. साबणाने यंत्रातले वंगण जाते, तेव्हा वाळल्यावर जाळीवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडून क्षणभर चालवा. आवाज लगेच मऊ झालेला जाणवेल. आणि हे यंत्र फक्त मामंजींचे राहू द्या. शनिवारी पुण्याहून आलेल्या पतींना ते कितीही हाताशी वाटले तरी त्यांनी वापरू नये, कारण नजरेला न दिसणाऱ्या ओरखड्यांतून कावीळ-बीसारखे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

आपण मामंजींच्या मिशीविषयी काही लिहिलेले नाही, पण त्या पिढीच्या माणसाला बहुधा मिशी असतेच. शेव्हरच्या पाठीला जो छोटा ट्रिमर उघडतो तो कल्ले आणि मिशीची कड सरळ करण्यासाठी असतो. त्याने कड फार पटकन खाली जाते आणि एक बाजू कमी झाली की दुसरी तेवढी करताना मिशीच उरत नाही. म्हणून पहिले काही दिवस मिशीला हात लावू नका. तिची कड त्यांनी स्वतः आरशात बघून, जशी हवी तशी, डाव्या हाताने करावी. वाकडी झाली तर झाली.

महिन्याभराने उजव्या गालाची कातडी कशी आहे आणि ते पाहुण्यांत बसू लागले का, ते अवश्य कळवा.